थाळा थांबला की उठायचं

भोंग्याला गुपित सांगणं आणि ते गावच्या चौकातल्या फळ्यावर लिहिणं यात फरक एवढाच, की फळा वाचायला जवळ जावं लागतं. माणूस मनाने साफ होता. कोणाचं वाईट त्याने कधी चिंतलं नाही, आणि चिंतलं असतं तरी ते त्या माणसाला पहिल्यांदा ऐकू गेलं असतं. त्याने कुजबुजून काही सांगितलं, की तळ्याच्या पलीकडच्या काठावर चरणाऱ्या मेंढ्या मान वर करून बघायच्या. ‘काय, कसं काय?’ असं त्याने प्रेमाने विचारलं, की नवख्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळायचं नाही. त्याची ताई सांगायची, की हा जन्मला तेव्हा सुईण दचकून मागे सरली आणि पाण्याची बादली लवंडली. ताई त्याच्याहून थोरली. गळा तिचाही त्याच कारखान्यातला. पण घरात एकाने भोंगा वाजवायचं ठरवल्यावर दुसऱ्याला गप्प राहण्यावाचून काम उरत नाही. ताई इतकी हळू बोलायची, की दुकानात तिने मीठ मागितलं की दुकानदार काउंटरवरून अर्धा बाहेर यायचा.

आमच्या गावाच्या डोक्यावर तीन तळी आहेत. शहरातून पाठपिशव्या लावून येणारी मंडळी ती पाहून गहिवरतात, पाचू आणि नीलम यांच्याखाली बोलत नाहीत. आम्ही खालच्या तळ्याला वाटी म्हणतो. मधल्याला चप्पल, कारण वरून पाहिलं तर ते टाच झिजलेल्या चपलेसारखं दिसतं. आणि वरच्याला नुसतंच वरचं. तिथवर चढून गेल्यावर बारसं करण्याइतका दम कोणाच्या छातीत उरला नसावा.

वाट गावातून निघते ती वाटीच्या काठाने देवदारांत शिरते, चपलेपाशी झाडं संपतात, आणि मग नुसते दगड. वरच्या तळ्याकाठी दगडी भिंतींचा, पत्र्याच्या छपराचा एक निवारा आहे. आत दोन खोल्या, एक चूल, भिंतीला लावून फळ्यांचे बाक. भोंगा त्या निवाऱ्याचा राखणदार. निवाऱ्यापासून खिंडीकडे जाताना आधी सुट्या दगडांचा उतार लागतो आणि त्यानंतर पोटघासणी. पोटघासणी म्हणजे घराएवढा उंच उभा खडक. काठी पाठीला अडकवायची, दोन्ही हात खडकाला द्यायचे आणि पोट घासत वर सरकायचं. मोठमोठ्या हुद्द्याची माणसं तिथे सरड्यासारखी चिकटलेली आम्ही पाहिली आहेत. तिच्या वर तिरकं बर्फाळ मैदान, आणि मैदानाच्या टोकाला खिंड. मैदानाची एक बाजू दगड ढासळणाऱ्या डोंगराला लागून आहे; दुसऱ्या बाजूला कडा, कड्याखाली सरळ वरचं तळं. उन्हाळा लागला तरी कड्याच्या काठावर बर्फ सज्जासारखा पुढे आलेला असतो. वरून तो जमीनच वाटतो. खाली मात्र हवा असते.

खिंडीत धुकं उतरलं, की स्वतःच्या बुटाचं टोकही दिसत नाही. अशा वेळी भोंगा निवाऱ्याच्या दारात उभा राहायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि आवाज सोडायचा, ‘याऽऽ.’ वरून कोणीतरी ‘ओ’ दिली, की त्या ‘ओ’वरून त्याला कळायचं माणसं कुठे आहेत. मग सुरू. ‘दगडांच्या अंगाने या. इकडे नको, तिकडे सरका. हळू, बाई, घाई काय, चहा पळून जात नाही.’ माणसं त्या आवाजाला दोरीसारखी धरून खाली यायची. निवाऱ्यात शिरल्यावर आधी आभार मानायची आणि मग कानात बोट घालून हलवायची.

त्या आवाजाखेरीज वर आणखी एक खूण होती. दाराशी एक जुना पितळी थाळा टांगलेला असे. ऊन चढलं की डोंगरावरचे दगड सुटायला लागतात. ते निवाऱ्यातून दिसतं, खिंडीतून उतरणाऱ्याला दिसत नाही. दगड यायला लागले, की राखणदाराने थाळा बडवायचा. थाळा वाजतोय तोवर जिथे असाल तिथे खाली बसायचं. थाळा थांबला की उठायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं ते आठवत नाही, जसं जेवताना घास तोंडात घालायला कोणी शिकवलं ते आठवत नाही. खिंडीपलीकडच्या नातेवाइकांकडे आम्ही आईच्या पाठीवरून गेलो तेव्हापासून थाळा वाजला की आमचे गुडघे आपोआप वाकतात आणि थांबला की आपोआप सरळ होतात. त्यात डोक्याचा संबंध नाही.

आता दाजींबद्दल. दाजी म्हणजे ताईचे यजमान, भोंग्याचे मेहुणे, धंद्याने वाटाडे. पाहुण्यांचं सामान पाठीवर घ्यायचं आणि त्यांना तिन्ही तळी दाखवून खिंडीपलीकडे न्यायचं, पलीकडून आणायचं. त्यांना खरं नाव होतं. पण ताईचं लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भोंग्याने वाटीच्या काठावरून ‘दाजी, आंघोळीचं पाणी निघालं’ अशी हाक मारली, ती सगळ्या खोऱ्याने ऐकली आणि त्या दिवसापासून ते सगळ्या खोऱ्याचे दाजी झाले. पोस्टमन त्यांना दाजी म्हणायचा. त्यांचे सख्खे काकासुद्धा दाजी म्हणायला लागले.

दाजी काटकुळे, हळू बोलणारे, आणि त्यातला एकेक शब्द मेहुण्याला चिमटा काढायला वापरणारे. भोंगा बोलायला लागला की ते पाहुण्यांना सांगायचे, ‘छत्री उघडा, वारा येतोय.’ रात्रीच्या मुक्कामाला निवाऱ्यात थांबले की कानात कापूस घालून बसायचे आणि भोंग्याची गोष्ट संपली की कापूस काढून विचारायचे, ‘काही म्हणालास का?’ भोंगा यावर अस्सा खवळायचा, की छपराचा पत्रा थरथरायचा. पण दाजी खिंडीत असताना धुकं उतरलं, तर भोंग्याची हाक नेहमीपेक्षा लांबायची. बाकीच्यांना तो ‘याऽऽ’ म्हणून बोलवायचा. दाजींना बोलावताना मधे मधे शिव्या असायच्या. दाजी म्हणायचे, शिव्या ऐकू आल्या की बरं वाटतं, घर जवळ आलं.

मग भोंग्याचा आवाज बसायला लागला.

आधी आम्ही मजाच केली. देवाला आमची दया आली म्हणालो. दुकानदार म्हणाला, चाळीस वर्षं ढोल बडवला, चामडं सैल पडणारच. तो खोकायचा, हळदीचं दूध प्यायचा, पुन्हा ओरडायचा. पुढे तो आवाज फाटक्या पिशवीतून निघाल्यासारखा यायला लागला आणि घास गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहू लागलं. तेव्हा दाजींनी त्याला धरून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि घरच्यांना बाहेर बोलावलं. डॉक्टर घरच्यांना बाहेर बोलावतात तेव्हा काय सांगतात, ते सगळ्यांना माहीत आहे. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव राहिला, आवाज गेला. गळ्याखाली एक भोक ठेवलं, श्वास तिथून. वर एक छोटा रुमाल.

इस्पितळातून त्याला एक यंत्र दिलं होतं. गळ्याला टेकवून बोलायचं म्हणजे त्यातून आवाज निघतो. त्याने ते एकदाच वापरलं. डब्यात कोंडलेली माशी बोलल्यासारखा आवाज आला आणि अंगणातला कुत्रा शेपूट पोटात घालून पळाला. भोंग्याने यंत्र बंद केलं, फडताळात ठेवलं आणि वर कढई उपडी घातली.

तरी तो गप्प बसला असं समजू नका. हात होते ना. चहाच्या टपरीवर तो दोन्ही हातांनी, भुवयांनी, गुडघ्यांनी बोलायचा. बाकावर त्याच्या शेजारी बसायची सोय राहिली नाही. एकदा खिंडीची उंची सांगताना त्याने पोस्टमनचा चहा त्याच्याच मांडीवर सांडला. दाजी कापूस काढून ठेवून आता डोळ्यांवर हात धरायचे. ‘काय बडबड चालवली आहेस, जरा थांब,’ म्हणायचे. भोंगा हसायचा. हसण्याचा आवाज गळ्याच्या भोकातून फुसफुस असा यायचा. आम्ही दुसरीकडे बघायचो.

पण निवाऱ्याचं काय, हा प्रश्न होताच. वाटांची देखरेख करणारी आमची एक समिती आहे. बैठक शाळेच्या वर्गात भरते आणि सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात. अध्यक्ष म्हणजे आमचा तोच दुकानदार. त्याने सरळ मुद्दा मांडला. राखणदाराचं काम हाक मारणं. हाक गेली म्हणजे काम गेलं. भोंग्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटतं, पण वाईट वाटून धुक्यातला माणूस खाली येत नाही. दुसरा माणूस बघावा. कोणी म्हणालं, मोटारीचा हॉर्न बसवू. त्यावर दोघा-तिघांनी सांगितलं, की हॉर्नमध्ये शब्द नसतात आणि तो तळ्यावरून, कड्यावरून, डोंगरावरून एकदमच येतो. त्याच्या मागे गेलेला माणूस थेट पाण्यात जाईल.

भोंगा शेवटच्या बाकावर बसून होता. हात मांडीवर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हात काही बोलत नव्हते. त्या निवाऱ्याखेरीज या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. लग्न त्याने केलं नाही, शेती दाजींच्या हवाली केली होती. बर्फ पडून खिंड बंद झाली की तो ताईच्या घरी यायचा आणि खिंड उघडेपर्यंत दाराशी बसून डोंगराकडे बघायचा. निवारा गेला तर तो नुसता दाराशी बसलेला माणूस उरला असता. हे सगळ्यांना कळत होतं आणि म्हणून कोणी मागे वळून बघत नव्हतं.

तेव्हा दाजी उठले. बैठकीत ते कधी बोलत नसत.

‘हाक नाही, पण पाय आहेत ना त्याला?’ ते म्हणाले. ‘धुकं आलं की थाळा वाजवेल. आम्ही वर बसून राहू. तो चढून येईल आणि हाताला धरून खाली नेईल. इतकी वर्षं बोलावून घ्यायचा, आता न्यायला येईल. उलट आमचा मान वाढला की.’

दाजी पुढे म्हणाले, ‘आणि तुम्ही त्याला गावात ठेवलंत तर हातवारे करून हा दोन महिन्यांत सगळ्यांचे डोळे फोडेल. त्याची जबाबदारी समिती घेणार का?’

सगळे हसले. भोंगासुद्धा फुसफुसला. ठराव मंजूर झाला. थाळा म्हणजे ‘बसून राहा, मी येतोय.’ किती सोपं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाकांतून गुडघे सोडवून घरी गेलो. थाळ्याला दुसरी बाजूही आहे, तो थांबल्यावर आपण काय करतो, हे त्या वर्गात कोणाच्याही मनात आलं नाही. जी गोष्ट डोक्यात नसून गुडघ्यात असते, ती बैठकीत सुचत नाही.

त्या मोसमात हे छान चाललं. भोंग्याने धुक्यातून दोनदा माणसं आणली. चालताना एका हातात थाळा, दुसऱ्यात लाकडी दांडा. वाजवत वर जायचा, वाजवत खाली यायचा. दोन्ही वेळा माणसं पोटघासणीच्या खालच्या उतारावर होती. गावात त्याला ‘बँड’ म्हणायला लागले. दाजींनी विचारलं, लग्नसराईत किती घेणार?

पुढच्या वर्षी खिंड उघडून फार दिवस झाले नव्हते. काठाचा बर्फ अजून जाड होता. दरवर्षी एक बाई आमच्याकडे येतात, शाळेतून निवृत्त झालेल्या, तळ्यांच्या काठची बारीक बारीक फुलं बघत गुडघ्यांवर रांगणाऱ्या. आम्ही त्यांना फुलंवाल्या बाई म्हणतो. दाजी त्यांना घेऊन पलीकडे गेले होते आणि त्या दिवशी परत येणार होते. दुपार कलली, दोघं खिंडीतून मैदानावर उतरली आणि धुक्याने गाठलं. पुढचं मला बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दाजींनी खाली ‘ओ’ दिली. थोड्या वेळाने थाळा वाजू लागला. दाजी तिथेच बसले, बाईंना बसवलं, पाठीवरची ताडपत्री काढून दोघांच्या डोक्यावर घेतली. म्हणाले, आता आपण पाहुणे, आमचा मेहुणा वाजतगाजत न्यायला येतोय. गार वारा होता, बर्फाचे कण उडत होते. दाजींनी बाईंना गुळाचा खडा दिला आणि मेहुण्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. सुईणीची बादली वगैरे. थाळा जवळ येत होता. बाईंना आठवतं, की त्या आवाजाने ऊब आल्यासारखी वाटत होती.

मग थाळा थांबला.

दाजी उठून उभे राहिले. ताडपत्री बाईंच्या अंगावर पडली. ‘थांबला. चला,’ ते म्हणाले. बाईंनी विचारलं, ते आपल्याला न्यायला येणार होते ना? दाजी क्षणभर घोटाळले आणि मग हसले.

‘हो की. पण आता उठलोच आहे तर चार पावलं पुढे होतो. त्या जाड्याला उगाच एवढं चढायला नको. तुम्ही बसा, मी त्याला घेऊन येतो.’

ते धुक्यात गेले. बाईंना बुटांखाली बर्फ करकरल्याचा आवाज थोडा वेळ ऐकू आला. नंतर पोतं खाली टाकल्यासारखा एक आवाज आला, तोही फार मोठा नाही. त्या बसून राहिल्या, कारण बसायला सांगितलं होतं. काही वेळाने पुन्हा थाळा वाजला, अगदी जवळ, आणि धुक्यातून भोंगा आला. हनुवटीतून रक्त येत होतं. त्याने बाईंच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, ‘ते तुम्हालाच बघायला पुढे गेलेत. भेटले नाहीत का?’

भोंगा काठाकडे धावला. बर्फाच्या सज्जाचा तुकडा निघालेला होता, ताजा, आतून निळा. साऱ्या खोऱ्यात ज्याची हाक पोचायची, तो माणूस त्या काठावर पालथा पडून तोंड उघडत होता, मिटत होता. मग त्याने थाळा वाजवायला घेतला. दुसरं काय करणार होता? कड्याखाली बघत तो थाळा वाजवत राहिला. आणि आमच्याकडे थाळ्याचा अर्थ एवढाच, की जिथे आहेस तिथेच थांब.

नंतर त्याने बाईंचा हात धरला, त्यांना पोटघासणीवरून उतरवलं, निवाऱ्यात आणून चुलीपाशी बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. काम पुरं केलं. मग कंदील घेऊन तळ्याच्या काठाने गेला.

दोघं रात्र झाली तरी गावात आली नाहीत, म्हणून आम्ही निघालो आणि सकाळी वर पोचलो. तळ्याचं पाणी बऱ्याच जागी अजून गोठलेलं होतं. भोंग्याने दाजींना काठावर, कोरड्या दगडावर आणून ठेवलं होतं. त्यांचे बूट काढून पाणी निथळायला उपडे केले होते. ते त्याने का केलं, माहीत नाही. अशा वेळी माणूस हाताला येईल ते करतो.

ताई आमच्याबरोबर होती. चपलेच्या पुढे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. नवऱ्यापाशी बसली, त्यांच्या कपाळावरचे ओले केस बाजूला केले. आम्हाला वाटलं, आता ती हंबरडा फोडेल. तो गळा आज मोकळा होईल आणि डोंगर हलेल. पण ती ओरडली नाही. बाईंनी तिला जे घडलं ते सांगितलं, ते तिने खाली मान घालून ऐकलं. मग ती भावाकडे वळली आणि तिच्या त्या मीठ मागायच्या आवाजात विचारलं, ‘तू का थांबलास?’

भोंग्याने दोन्ही हात वर केले. खांद्यांच्या वर, पंजे उघडे, बोटं फाकलेली. तसेच धरून ठेवले. तोंड उघडं. गळ्यावरचा रुमाल आत-बाहेर होत होता.

ताईने पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिला दिसला तो हात टेकलेला माणूस. माझ्या हातात काय होतं, असं म्हणणारा. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना तेच दिसलं. त्याने पुन्हा तसेच हात वर केले, आमच्यातल्या एकेकासमोर येऊन केले. आम्ही त्याचे हात धरून खाली घेतले, पाठीवरून हात फिरवला, असू दे म्हणालो. ज्या माणसाची निम्मी हयात आम्ही ‘जरा हळू’ म्हणण्यात घालवली, त्याचं एक वाक्य कळून घ्यायची वेळ आली, तेव्हा आम्ही त्याला गप्प केलं.

दाजींना खाली आणलं. करायचं ते सगळं केलं. भोंगा गावात राहिला नाही. ताईच्या दारात तो उभा राहिला, तिने दार लावून घेतलं नाही आणि आत ये असंही म्हटलं नाही. तो परत वर गेला. समितीने बैठक घेतली. अध्यक्ष म्हणाला, नवा माणूस मिळेपर्यंत राहू दे त्याला. नवा माणूस मिळत नव्हता. कोणी शोधतही नव्हतं.

काही आठवडे गेले. पाहुणे सांगू लागले, की राखणदार निवाऱ्यात नसतो, पोटघासणीवर छिन्नी-हातोडा घेऊन लटकलेला असतो. खडकात खाचा पाडतोय. आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

एके दिवशी सकाळी ताई अंगणातून बाहेर पडली आणि वर निघाली. दुकानदार, पोस्टमन आणि मी, आम्ही मागे निघालो. कशाला जातेस म्हणून विचारायची कोणाची छाती झाली नाही. पुढे ती, मागे आम्ही तिघं धापा टाकत. दुकानदाराला तर चपलेपाशीच देव दिसायला लागला होता. ताई निवाऱ्यापाशी थांबली नाही. सुट्या दगडांवरून थेट पोटघासणीच्या पायथ्याशी गेली. नवरा कुठून गेला ती जागा तिला बघायची होती. भोंगा खडकाच्या मध्यावर होता. तिला बघून खाली उतरला आणि बाजूला उभा राहिला. हातोड्याच्या तोंडाला त्याने जुन्या बुटाचं चामडं बांधलं होतं. लोखंड वाजलं तर वरून येणारा कोणी थाळा समजून बसेल, म्हणून.

ताईच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात नवऱ्याच्या जागी ठेवायला आणलेली रानफुलं. तिने पहिल्या खाचेत पाय ठेवला. दुसऱ्या खाचेपाशी काठी टाकावी लागली. ती खडखडत खाली आली. अजून थोडी वर गेली आणि अडली. भोंग्याच्या खाचा तिथवरच झाल्या होत्या. एका हाताने ती चाचपडत राहिली. मग फुलं दातांत धरली आणि दोन्ही हात खडकाला दिले.

आणि ती तशीच राहिली. वरही जाईना, खालीही येईना. गाल खडकाला टेकलेला, फुलं दातांत, दोन्ही हात वर, पंजे उघडे, बोटं फाकलेली.

आम्ही खालून बघत होतो. आधी दुकानदाराने माझा दंड धरला. मग मलाही दिसलं. आम्ही लहानपणापासून दरवर्षी तिथून पोट घासत वर गेलो होतो, पण आमचे हात खडकाला असताना आमचं तोंड मोकळं असायचं. चढताना आम्ही गप्पा मारायचो, शिव्या द्यायचो. कोणाचा आवाजच हातात असेल, तर त्याला त्या खडकावर मुकं व्हावं लागेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ताई खाली उतरली तेव्हा भोंग्याने निवाऱ्यातून थाळा आणला. थाळ्याच्या सुतळीवर दातांच्या खुणा होत्या. चढताना त्याने थाळा दातांत धरला होता आणि गुडघ्याने ठोकून पाहिला होता. पण छाती आणि खडक यांच्यात दाबलेला थाळा वाजत नाही. नुसता हनुवटीला लागतो.

ताईने सुतळी बोटांत धरून पाहिली. फुलं तिने तिथेच पोटघासणीच्या पायाशी ठेवली, वर गेली नाही.

ती त्या दिवशी खाली आलीच नाही. निवाऱ्याच्या आतल्या खोलीत राहिली. आता तीही वरच असते. चूल तिची, चहा तिचा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्याला बोलता येत नाही, आणि तिने त्याला माफ केलं की नाही, ते विचारायची हिंमत दुकानदारालासुद्धा झालेली नाही. ती त्याला वाढते, तो जेवतो. दिवसभर तो खडकावर खाचा पाडतो. एका हाताने चढता येईल अशा. खडक कठीण आहे.

गेल्या महिन्यात मी वर मुक्कामाला होतो. दुपारी धुकं उतरलं. पलीकडून काही माणसं यायची होती. ताई चूल सोडून दारात आली, कमरेवर हात ठेवले, आणि जो आवाज तिने जन्मभर पोटात ठेवला होता तो सोडला. ‘याऽऽ.’ माझ्या हातातला चहा सांडला. तळ्यापलीकडच्या मेंढ्यांनी मान वर केली असणार. थोड्या वेळाने वरून बारीक ‘ओ’ आली. ‘दगडांच्या अंगाने या,’ ताई म्हणाली. ‘सरळ. तसेच. याऽऽ.’

श्वास घ्यायला ती मधे थांबली. तेवढ्यात बाकावर बसलेला भोंगा ताडकन उठला. हात थाळ्याकडे गेला आणि अर्ध्यावर अडकला. तळ्यावर काही आवाज नव्हता. ताईने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने पुन्हा हाक दिली. तो खाली बसला.

त्यानंतर ती थांबली नाही. श्वाससुद्धा हाकेतच घेत होती. माणसं उतारावर आली, दिसायला लागली, दारात येऊन पाठपिशव्या टाकून पाय झाडू लागली, तरी ती त्यांच्या डोक्यांवरून धुक्याकडे बघत ओरडतच होती. आलेल्यांतला एकजण म्हणाला, ‘बाई, आलो की आम्ही सगळे.’ तिने मान हलवली आणि ओरडत राहिली, बाकावरच्या भोंग्याचे खांदे सैल होईपर्यंत.

तिचा आवाज अलीकडे थोडा बसल्यासारखा वाटतो. मी तिला म्हटलं, ताई, इस्पितळात एकदा दाखवून ये. ती म्हणाली, मोसम संपू दे.